हृदयविकार : नवे उपचार आणि आपली जुनी सवय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुंजवणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हृदयविकारावरील नव्या उपचारांविषयी मी आपल्यासमोर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली. वैद्यकीय व्यवसायातील माणसाला हा विषय नवा नाही. परंतु राजगडाच्या पायथ्याशी, या गुंजवणे गावी उभे राहून तो मांडताना एक प्रश्न प्रथम मनात येतो. मोठमोठे शोध लागले, मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून नवनवी यंत्रे आली, हे सर्व खरे. परंतु त्यांचा उपयोग या डोंगराआडच्या घरातल्या माणसाला किती होतो? आपल्यातील निम्मी कुटुंबे आज पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास आहेत आणि आईवडील मात्र येथे आहेत. म्हणून हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे, आणि आजचे व्याख्यान मी त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने करणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात आधीच सांगून टाकतो. हृदयाच्या झटक्यावर आज परिणामकारक उपाय आहे. तो उपाय पूर्वीइतका महागही राहिलेला नाही. परंतु त्याला एक अट आहे, ती वेळेची. आणि आपल्याकडे जो वेळ वाया जातो, त्याचा मोठा भाग रुग्णालयात किंवा रस्त्यावर जात नाही. तो आपल्या घरात, आपल्या ओटीवर, आपल्या विचारविनिमयात जातो. दुखणे अंगावर काढण्याची आपली जी जुनी सवय आहे, तिने आजवर किती कर्ती माणसे नेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हृदयाचा झटका म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम समजून घेऊ. हृदय हा एक स्नायू आहे. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते त्याला त्याच्या अंगावरून जाणाऱ्या लहान रक्तवाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एके दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. पाटाचे तोंड दगडाने बुजले म्हणजे खालची खाचरे जशी सुकू लागतात, तसा त्या वाहिनीच्या पुढचा स्नायू मरू लागतो. तो एकदम मरत नाही. घटकेघटकेने मरतो. पाट लवकर मोकळा झाला तर बहुतेक खाचरे वाचतात. उशिरा झाला तर पाणी येते, पण पीक गेलेले असते. वेळेचे एवढे महत्त्व का, याचे उत्तर एवढेच आहे.

ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते, परंतु ती निर्विवाद सिद्ध होण्यास १९८० साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील डीवुड नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, झटका आल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या रोग्यांपैकी शंभरात सुमारे ८७ जणांची वाहिनी पूर्ण बंद असते, असे दाखवून दिले. तत्पूर्वी उपचार म्हणजे मुख्यतः वेदनाशामक औषध आणि कित्येक आठवड्यांची सक्तीची विश्रांती. आपल्या वडिलांच्या पिढीत ‘अमक्याला हार्ट झाला’ असे म्हणत, त्या वेळी डॉक्टरांच्या हाती याहून फारसे काही नव्हते. १९६०च्या सुमारास अशा रोग्यांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष निघू लागले आणि हृदयाची लय बिघडून होणारे कित्येक मृत्यू टळले. तरीही बंद पडलेली वाहिनी बंदच राही.

ती उघडण्याचे दोन मार्ग पुढे सापडले. पहिला औषधाचा. इटलीतील डॉक्टरांनी १९८६ साली सुमारे १२ हजार रोग्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध शिरेतून दिले असता मृत्यू कमी होतात, असे त्यात आढळले. आणि पहिल्या तासाच्या आत औषध मिळालेल्यांत तर मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. दोनच वर्षांनी, १९८८ साली, १७ हजारांहून अधिक रोग्यांच्या दुसऱ्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. आपण डोकेदुखीवर घेतो ती साधी ऍस्पिरिनची गोळीदेखील अशा वेळी जीव वाचविते, आणि दोन्ही औषधे मिळून अधिकच वाचवितात. आज स्ट्रेप्टोकायनेजच्या जागी टेनेक्टेप्लेज नावाचे औषध आले आहे. ते एकाच इंजेक्शनात, काही सेकंदांत देता येते, म्हणून मोठ्या रुग्णालयाची वाट न पाहता लहान दवाखान्यातही देता येते. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, हे औषध पुण्याजवळ हिंजवडी येथेही तयार होते.

दुसरा मार्ग हातकौशल्याचा. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे अँड्रियास ग्रुन्टझिग या डॉक्टरांनी एका जागत्या रोग्याच्या हृदयाच्या वाहिनीत बारीक नळीतून एक इवलासा फुगा नेला आणि तो फुगवून वाहिनी मोकळी केली. यालाच आपण अँजिओप्लास्टी म्हणतो. १९८६ पासून तेथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याची पद्धत आली. पुढे त्या जाळीवर औषधाचा लेप आला. पूर्वी मांडीच्या धमनीतून जाणारी ही नळी आता बहुधा मनगटातून जाते आणि पुष्कळ रोगी तीन-चार दिवसांत घरी परततात. २००२ साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, अशाच नळीतून हृदयाची झडप बसविली. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत वृद्धांवर ही क्रिया केली जाते.

महाराष्ट्र या वाटचालीत मागे राहिलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातील पहिले हृदयरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला, परंतु महापालिकेच्या रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांनिशी ते धाडस झाले. ज्या परळमध्ये आपले आजे-पणजे गिरण्यांतून राबले, त्याच परळमधली ही गोष्ट आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढे सारे उपाय असता आपली माणसे का दगावतात?

याचे उत्तर २००८ साली ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत सापडते. देशातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांतून २० हजारांहून अधिक हृदयरोग्यांची माहिती त्यात गोळा केली होती. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास निम्म्या रोग्यांना ३६० मिनिटांहून अधिक वेळ, म्हणजे सहा तासांहून अधिक वेळ लागला होता. आणि रुग्णालयात पोहोचल्यानंतर गुठळीचे औषध मिळण्यास लागणारा मध्यम वेळ होता ५० मिनिटांचा. बंधुभगिनींनो, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. पन्नास मिनिटे डॉक्टरांच्या पदरात घाला, परंतु सहा तासांचा जाब कोणाला विचारावयाचा? त्याच पाहणीत आणखी एक कटू सत्य नोंदले आहे. गरीब रोग्यांत महिन्याभरातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ८.२ होते, तर श्रीमंत रोग्यांत ५.५. रोग एकच, फरक पडला तो मुख्यतः मिळालेल्या उपचारांत.

हे सहा तास कोठे जातात, ते पाहण्यासाठी आपल्याच घरातील एका रात्रीची कल्पना करू. रात्रीचे अकरा वाजले आहेत. आबा जेवून ओटीवर पडले आहेत. छातीच्या मध्यभागी कोणी धोंडा ठेवावा तसे जड वाटू लागते. डावा हात भरून येतो, जबडा दुखतो, घाम सुटतो. आबा म्हणतात, “वाल खाल्ले, वायू धरला.” घरातील बाई ओवा आणि गरम पाणी देते. एक तास जातो. मग सोडा होतो, मग पाठ चोळून होते. दुसरा तास जातो. मग मुंबईच्या थोरल्या मुलाला फोन लावला जातो. तो गाढ झोपेत असतो. उठला तरी शंभर कोसांवरून काय सांगणार? तो म्हणतो, “मी पहाटेच्या गाडीने निघतो, तोवर सांभाळा.” शेजारची मंडळी जमतात. कोणी म्हणते देवऋषाला विचारा, कोणी म्हणते उजाडू द्या. उजाडल्यावर एखादी जीप मिळते आणि कोणीतरी सुचविते म्हणून वाटेतल्या एका दवाखान्यात सलाईन लावून घेतली जाते. तेथे दोन तास. शेवटी पुण्याच्या रुग्णालयात पोहोचतात तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असतो.

यात वाईट हेतू कोणाचाच नाही. सर्वांनी मायेनेच केले. परंतु गुंजवण्याहून साखर, मार्गासनी, नसरापूर असा उतरून पुण्यास जाणारा रस्ता पन्नास-साठ किलोमीटरचा आहे. तो दीड-दोन तासांचा. बाकीचे दहा तास रस्त्याने घेतले नाहीत. ते आपण दिले.

म्हणून पहिला नियम, जो घरातील लहान मुलालाही पाठ असावा : छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही, आणि विशेषतः सोबत घाम, धाप, मळमळ किंवा हात-जबड्यात कळ असेल, तर तो हृदयाचा झटका समजून चालावे, मग तो वायू निघाला तरी बेहत्तर. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेही माणसांत छातीतील कळ कित्येकदा येतच नाही. नुसता थकवा, धाप, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा घेरी एवढेच दिसते. आपल्या घरातील बाई स्वतःच्या दुखण्याविषयी बोलतच नाही. कामे उरकून मग बसते. तिच्याबाबतीत तर दुप्पट सावध राहावे.

दुसरा नियम : पहिला फोन मुंबईच्या मुलाला नव्हे, १०८ ला करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून विनामूल्य चालू आहे आणि तिच्या रुग्णवाहिकांतून डॉक्टर असतो. मुलाला फोन नंतर करावा, आणि तो परवानगी मागण्यासाठी नसावा, कळविण्यासाठी असावा. मुंबई-पुण्यातील तरुणांना माझी हात जोडून विनंती आहे. आज घरी परत गेल्यावर आईवडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगा की, असे काही झाले तर मला न विचारता निघा, पैशाची काळजी माझी. या एका वाक्याने दोन तास वाचतील.

तिसरा नियम : रोग्याला चालवू नये, जिना चढवू नये, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. त्याला अर्धवट बसते ठेवावे. ऍस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घेण्यास द्यावी. मात्र ऍस्पिरिन सोसत नसेल, पोटातून रक्त जाण्याचा त्रास असेल किंवा अलीकडे मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर देऊ नये. शंका असल्यास १०८ वर बोलणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याकडून आणून देण्याची चाल मात्र धोक्याची आहे; रक्तदाब आधीच उतरला असेल तर त्या गोळीने रोगी कोसळतो.

चौथा नियम : जवळच्या ज्या ठिकाणी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, निघतो तेथे प्रथम जावे. वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा भोरचे शासकीय रुग्णालय यांना कमी लेखू नये. आज तेथे काढलेला आलेख फोनवरून काही मिनिटांत तज्ज्ञापुढे जाऊ शकतो. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळीचे इंजेक्शन जवळच घ्यावे आणि मग मोठ्या रुग्णालयाकडे निघावे, हीच आज जगभर मान्य झालेली रीत आहे. तमिळनाडूत लहान रुग्णालये, रुग्णवाहिका आणि मोठी रुग्णालये यांची अशी साखळी बांधून पाहिली, तेव्हा वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ व्यवस्था नीट लावल्याने हे घडले.

पाचवा नियम तरुणांसाठी. झटक्यात कधी कधी हृदय एकाएकी थांबते. माणूस कोसळतो, हाक मारल्यास ओ देत नाही, श्वास चालत नाही किंवा आचके देतो. अशा वेळी तोंडावर पाणी मारण्यात किंवा कांदा हुंगविण्यात एक क्षणही घालवू नये. छातीच्या मधोमध, दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे शोधून काढलेली ही पद्धत शिकण्यास एक तास पुरतो. दर शनिवारी-रविवारी या गावातून शेकडो माणसे राजगड चढतात. त्यांतील कित्येक वर्षभर खुर्चीत बसणारी असतात. पद्मावती माचीवर एखादा कोसळला, तर त्याच्यापर्यंत प्रथम पोहोचणार तो आपलाच मुलगा. त्याच्या हातात ही विद्या असावी.

आता प्रसंग येऊच नये म्हणून काय करावे, याकडे वळतो. गुंजवण्याच्या वाटेने गड चढणाऱ्याला चोरदरवाजा ठाऊक आहे. हृदयविकारही असाच चोरदरवाजाने आत येतो. उच्च रक्तदाब दुखत नाही, साखर वाढलेली कळत नाही, चरबी दिसत नाही. पहारा ठेवल्याशिवाय हा शत्रू सापडत नाही.

आपल्या मंडळींचा एक पक्का समज आहे. “आम्ही काटक माणसे, डोंगर चढणारी, हा रोग शहरातल्या लठ्ठ शेटजींचा.” हा समज खोटा ठरविणारे संशोधन आपल्याच पुणे जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या मुलांचे जन्मावेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. आपली मुले लहान आणि बारीक. परंतु नीट मोजले असता स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली, असे आढळले. ‘कृश पण मेदयुक्त’ अशी ही आपली ठेवण जन्मापासूनच असते. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच शरीरे मोजून छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखेच, परंतु इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. कमरेला फीत लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

या संशोधनातून एक धडा मातांविषयीही मिळतो. त्या खेड्यांतील बहुसंख्य मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि मातेच्या या उणिवेचा मुलाच्या पुढील प्रकृतीशी संबंध असल्याचे दिसून आले. घरातील सून गर्भार असता तिने सर्वांत शेवटी, उरलेसुरले खावे, ही रीत आपण मोडली पाहिजे. नातवाच्या हृदयाची निगा सुनेच्या ताटापासून सुरू होते.

दुसरी जागतिक पाहणी २००४ सालची, ५२ देशांतील. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, बिघडलेली चरबी, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यसेवनाचे प्रमाण, अशा नऊ गोष्टींत हृदयाच्या झटक्यांपैकी शेकडा ९० कारणे सामावतात, असे तीत दिसले. त्याच पाहणीतून हेही कळले की, आपल्या दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका मध्यमानाने ५३व्या वर्षी येतो, इतर जगात सुमारे ५९व्या. सहा वर्षे आधी! म्हणजे मुलीचे लग्न व्हावयाचे असते, घराचे कर्ज फिटावयाचे असते, त्या वयात.

तंबाखूविषयी दोन शब्द अधिक बोलतो. विडी वाईट हे सर्वांस मान्य आहे. परंतु चुना-तंबाखूला आणि मिश्रीला आपण निरुपद्रवी समजतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्याच्या निमित्ताने आपल्या कित्येक मायभगिनी दिवसातून चार वेळा ती लावतात. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळला आहे. हळदीकुंकवाच्या वाणात एकेकाळी मिश्रीची डबी चाले. आता दंतमंजनाची द्यावी.

मिठाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, मीठ पुरे. पापड, लोणचे, खारवलेली मिरची, सुके बोंबील आणि वरून पानात वाढलेले मीठ मिळून आपण त्याच्या दीड-दोनपट खातो. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०२१ साली आला. नेहमीच्या मिठात काही भाग पोटॅशियमचा असलेले मीठ दिल्याने पक्षाघाताचे प्रमाण शेकडा १४ने घटले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. इतरांनी निदान पानातले मीठ तरी काढून टाकावे. बाकी आहारासाठी परदेशी पुस्तके चाळण्याचे कारण नाही. आपल्या डोंगरउतारावरची नाचणी आणि वरई, पावसाळ्यातील रानभाज्या, हुलग्याचे माडगे हा आपल्या आज्यांचा स्वयंपाक हृदयाला मानवणाराच होता. तो सोडून आपण पांढरा भात, बेकरीची खारी आणि पुन्हापुन्हा तापविलेल्या तेलातली भजी जवळ केली.

ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांना मी एवढेच सांगेन की गोळी बंद करू नका. “आता बरे वाटते” म्हणून गोळी सोडणारे आपल्यात पुष्कळ. बरे वाटते ते गोळीमुळेच. चरबी कमी करणारी स्टॅटिन जातीची औषधे जपानच्या अकिरा एन्डो यांनी बुरशीतून शोधली आणि १९८७ पासून ती वापरात आली. आज ती थोड्या पैशांत मिळतात. अनेक औषधे एकाच गोळीत घालण्याच्या कल्पनेची पहिली मोठी चाचणी २००९ साली भारतातच झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अशा गोळ्यांचा अत्यावश्यक औषधांत समावेश केला. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. त्या घेण्यात कमीपणा मानू नये.

खर्चाची धास्ती हेही उशिराचे एक कारण आहे. तेव्हा दोन गोष्टी माहीत असू द्या. लाखाच्या घरात विकला जाणारा औषधी लेपाचा स्टेंट सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये किंमत बांधून २९ हजार ६०० रुपयांवर आणला, आणि पुढील वर्षी ती मर्यादा आणखी उतरविली. दुसरे असे की, २०१२ साली आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेली आणि आज ‘महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना’ म्हणून चालणारी राज्य शासनाची योजना आता सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आहे. तीत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टीचाही समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधार ही कागदपत्रे एका पिशवीत, सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीला टांगून ठेवावीत. रात्री ट्रंका उपसण्यात अर्धा तास जाऊ नये.

आता मंडळाला काही सूचना करण्याचे धाडस करतो. आपले मंडळ विद्यार्थ्यांना पारितोषिके देते, वधूवर मेळावे भरविते. त्याच उत्साहाने चार कामे व्हावीत. एक : गावोगावच्या समाजमंदिरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे आणि तिशीपुढील प्रत्येकाची वर्षातून दोनदा नोंद व्हावी. दोन : दर मेळाव्यात तासभर छातीदाबाचे प्रात्यक्षिक व्हावे. तीन : वर सांगितलेले पाच नियम मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक घराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी लागावेत. चार : रात्री-अपरात्री जाण्यास तयार असलेल्या वाहनांची आणि चालकांची यादी वाडीवाडीतून तयार व्हावी. या चारही कामांचा मिळून खर्च एका तेराव्याच्या जेवणावळीहून अधिक येणार नाही. गेलेल्या माणसासाठी आपण पंक्ती उठवितो, कर्ज काढतो. त्यातला थोडा पैसा तो जिवंत असता खर्च झाला, तर पंक्तीचा प्रसंग दहा-वीस वर्षे पुढे जाईल.

भगिनींनो आणि बंधूंनो, सोसणे हा आपल्या मावळी रक्ताचा गुण आहे. पाऊस सोसला, दुष्काळ सोसला, गिरणीचा संप सोसला. त्या गुणाचा मला आदर आहे. परंतु छातीतील कळ ही सोसण्याची गोष्ट नव्हे. तेथे सोसणारा शूर ठरत नाही. वेळीच बोलणारा शहाणा ठरतो. पुढच्या मेळाव्यात आपण सर्वजण, वडीलधाऱ्यांसह, पुन्हा येथेच भेटू या, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.